टर्बोचार्ज्ड मोटारीची हवाप्रवेश प्रणाली : निवड, बसवणूक आणि अधिकार यांचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

अंतर्ज्वलन इंजिनाच्या इतिहासात इंधनाला जेवढे महत्त्व मिळाले, तेवढे हवेला मिळाले नाही. पेट्रोल विकत घ्यावे लागते, त्याच्या दरवाढीची चर्चा घरोघरी होते. हवा मात्र विनामूल्य असल्यामुळे ती गृहीत धरली जाते. वास्तविक एक लिटर पेट्रोल पूर्णपणे जाळण्यासाठी सुमारे नऊ हजार लिटर हवा लागते. इंजिनात अधिक इंधन सोडणे सोपे असते; त्या इंधनाला पुरेल एवढी हवा आत नेणे कठीण असते. ही अडचण दूर करण्यासाठी जी साधने निर्माण झाली, त्यांत टर्बोचार्जरचे स्थान अग्रगण्य आहे.

टर्बोचार्ज्ड मोटारीच्या हौशी मालकासमोर आज एक प्रश्न हमखास उभा राहतो. कंपनीने दिलेली हवापेटी काढून तिच्या जागी अन्य निर्मात्याची, म्हणजेच आफ्टरमार्केट, एअर इनटेक बसवावी काय? विक्रेता सांगतो की शक्ती वाढेल. सेवा केंद्र सांगते की हमी धोक्यात येईल. कायदा तिसरीच भाषा बोलतो. ही उत्तरे परस्परविरोधी वाटतात, कारण प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर हवापेटीचे वेगवेगळे कार्य असते.

प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन असे आहे की, मोटारीची मूळ हवापेटी ही एका अभियंत्याने एका बैठकीत आखलेली वस्तू नाही. धूळ, उंची, धूर, आवाज आणि मापन या पाच प्रश्नांवर वेगवेगळ्या काळांत झालेल्या तडजोडींचे थर तिच्यात साठलेले आहेत. ती काढणारा मालक या सर्व तडजोडी एकाच वेळी पुन्हा खुल्या करतो. म्हणून निवड आणि बसवणूक यांचा विचार इतिहासाच्या आधारे करणे अगत्याचे ठरते.

उद्दिष्टे आणि अभ्यासपद्धती

या अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत : (१) हवाप्रवेश प्रणालीच्या जडणघडणीचे टप्पे स्पष्ट करणे, (२) त्या टप्प्यांच्या आधारे पर्यायी प्रणालीच्या निवडीचे व बसवणुकीचे निकष मांडणे, (३) हा बदल करण्याचा अधिकार कोणाचा, या प्रश्नाची निरनिराळ्या देशांतील उत्तरे तपासणे. अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला असून, जेथे आवश्यक तेथे साध्या गणिताची जोड दिली आहे. टर्बोचार्जरचा विकास प्रामुख्याने युरोप व अमेरिकेत झाल्यामुळे विवेचनाचा मोठा भाग तेथील आहे. भारतातील परिस्थितीचा विचार शेवटी केला आहे.

१. धूळ : पहिला थर

आरंभीच्या मोटारींना हवेची गाळणी नसे. कच्च्या रस्त्यांवरील धूळ कार्ब्युरेटरमधून थेट सिलिंडरमध्ये जाई आणि पिस्टनच्या कड्या व सिलिंडरच्या भिंती घासून काढी. शेतात चालणाऱ्या ट्रॅक्टरचे नुकसान तर अधिकच होई. यातून १९२० च्या दशकात हवेच्या गाळण्यांचा प्रसार झाला. पुढे तेलाच्या थाळीवरून हवा वळवून धूळ तेलात अडकविणारी गाळणी अनेक दशके रूढ राहिली. आपल्याकडील जुन्या ट्रॅक्टरांमुळे ती ग्रामीण वाचकांच्याही परिचयाची आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोटारींमध्ये तिची जागा घड्या घातलेल्या कागदी गाळणीने घेतली.

येथे एक मूलभूत विरोध लक्षात येतो. गाळणी जेवढी दाट, तेवढी धूळ अधिक अडते. परंतु हवेलाही तेवढाच अडथळा होतो. कागदाला घड्या घालण्याचे कारण हेच की, थोड्या जागेत मोठे पृष्ठफळ मिळावे आणि दाट कागदातूनही हवा सुलभतेने जावी. हवेचा मार्ग मोकळा ठेवणे आणि धूळ अडविणे या दोन अपेक्षांमधील ही पहिली तडजोड होय.

२. उंची : टर्बोचार्जरचा उगम

इंजिनात दाबाने हवा भरण्याची कल्पना जुनी आहे. परंतु वाया जाणाऱ्या धुराच्या ऊर्जेवर टर्बाइन फिरवून तिच्या साहाय्याने हवा दाबण्याचे पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये घेतले. ही कल्पना व्यवहारात यशस्वी होण्यास मात्र दोन दशके लागली. १९२० च्या दशकाच्या मध्यास 'प्रॉइसेन' आणि 'हान्झेश्टाट डान्झिग' या जर्मन प्रवासी जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती टर्बोचार्जरमुळे १७५० वरून २५०० अश्वशक्तीपर्यंत गेली.

दरम्यान पहिल्या महायुद्धाने या शोधाला वेगळी दिशा दिली होती. विमान जसजसे उंच जाई, तसतशी हवा विरळ होऊन इंजिन दुबळे पडे. अमेरिकेतील जनरल इलेक्ट्रिक कंपनीचे सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी इंजिन कोलोरॅडोतील सुमारे ४३०० मीटर उंचीच्या पाइक्स पीक या शिखरावर नेऊन प्रयोग केला. समुद्रसपाटीच्या आसपास सुमारे ३५० अश्वशक्ती देणारे हे इंजिन शिखरावर २३० अश्वशक्तीवर आले होते. टर्बोचार्जर जोडताच ते ३५६ पर्यंत पोहोचले.

या प्रयोगाचा बोध आजच्या मोटारमालकालाही लागू पडतो. टर्बोचार्जरचा काँप्रेसर आत येणाऱ्या हवेच्या दाबाचा गुणाकार करतो. त्यामुळे त्याच्या तोंडाशी दाब कमी असला, तर अपेक्षित दाब गाठण्यासाठी त्याला अधिक श्रम करावे लागतात. पर्वतावर ही उणीव निसर्ग निर्माण करतो. मोटारीत ती तुंबलेली गाळणी किंवा अरुंद नळी निर्माण करते. काँप्रेसरच्या दृष्टीने दोहोंत फरक नाही.

३. प्रवासी मोटारीत प्रवेश

टर्बोचार्जर प्रवासी मोटारीत आला तो १९६२ मध्ये, अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेअर मॉन्झा स्पायडर या गाड्यांतून. जेटफायरची कथा विशेष उद्बोधक आहे. दाबामुळे तापलेल्या मिश्रणाचा अकाली स्फोट होऊ नये म्हणून तिच्यात पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण फवारले जाई. ही टाकी भरण्याचे काम मालकावर सोपविलेले होते आणि अनेक मालक ते विसरत. टाकी रिकामी असली की सुरक्षिततेसाठी दाब मर्यादित होई आणि गाडी दुबळी वाटे. पुढे कंपनीने अनेक गाड्यांमधील टर्बोचार्जर काढून साधा कार्ब्युरेटर बसवून दिला. हवेच्या मार्गाची देखभाल मालकाच्या सवयीवर अवलंबून ठेवणे किती जोखमीचे असते, हे उत्पादक यातून शिकले.

१९७३ मध्ये बीएमडब्ल्यू २००२ टर्बो आली. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात पोर्शे ९११ टर्बो सादर झाली. १९७७ मध्ये साबने ९९ टर्बो दाखविली, तेव्हा टर्बोचार्जरचा हेतू बदलला होता. केवळ सर्वोच्च वेग गाठण्याऐवजी रोजच्या वाहतुकीत लहान इंजिनाने मोठ्याचे काम करावे, हा विचार पुढे आला. १९७८ मधील मर्सिडीझ ३०० एसडीने डिझेल प्रवासी मोटारीतही तो रुजविला. शर्यतीतील यंत्र गृहस्थाच्या हाती आले आणि त्याबरोबर धूर व आवाज यांचे सार्वजनिक प्रश्नही आले.

४. धूर, आवाज आणि मापन

इंजिनाच्या क्रँककेसमध्ये साचणाऱ्या वाफा पूर्वी नळीने खाली रस्त्यावर सोडल्या जात. कॅलिफोर्नियात १९६१ च्या मॉडेलांपासून त्या पुन्हा इंजिनात जाळण्याची व्यवस्था आली व १९६३ पासून ती अमेरिकेतील मोटारींत सार्वत्रिक झाली. टर्बोचार्ज्ड इंजिनात दाब चढला की मॅनिफोल्ड या वाफा ओढू शकत नाही. म्हणून त्यांची एक वाट काँप्रेसरच्या अलीकडील नळीला जोडावी लागते. आज बॉनेट उघडल्यावर त्या नळीला चिकटलेली जी लहान नळी दिसते, ती या निर्णयाची खूण आहे.

आवाजाचेही तसेच. युरोपात मोटारींच्या आवाजाची मर्यादा ठरविणारा निर्देश १९७० मध्ये निघाला. इंजिन हवा ओढताना होणारा घोघो आवाज शमविण्यासाठी हवामार्गावर बंद पोकळ्या जोडल्या जाऊ लागल्या. पुष्कळ मालकांना या पोकळ्या निरुपयोगी वाटतात; त्यांचे काम हवा वाहून नेणे नसून ध्वनी गिळणे हे आहे, एवढेच.

अखेरचा थर मापनाचा. इंधन इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सोडायचे, तर आत किती हवा आली हे कळले पाहिजे. १९७० च्या दशकात बॉशच्या एल-जेट्रॉनिक प्रणालीत हवेच्या झोताने ढकलली जाणारी झडप हे काम करी. १९८० च्या दशकात तापलेल्या तारेचा संवेदक आला. हा संवेदक नळीच्या छेदातील एका लहानशा भागातून जाणारी हवा मोजतो आणि संपूर्ण छेदाचा हिशेब संगणक त्यावरून करतो. साहजिकच नळीचा व्यास हा या हिशेबाचाच भाग बनला. ज्या मोटारींत संवेदक हवेच्या झोताऐवजी मॅनिफोल्डमधील दाब मोजतो, तेथे हे बंधन सौम्य असते.

५. पर्यायी भागांचा व्यवसाय

मोटारीचे भाग बदलून वेग वाढविण्याची हौस अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर व्यवसायाच्या रूपाला आली. १९६३ मध्ये अशा भागांच्या उत्पादकांनी सेमा ही संघटना स्थापन केली. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड येथे केन जॉन्सन आणि नॉर्म मॅकडोनाल्ड यांच्या के अँड एन कंपनीची सुरुवात झाली. तेल लावलेल्या सुती जाळीची, धुऊन पुन्हा वापरता येणारी गाळणी ही तिची ओळख ठरली. पुढे नुसत्या गाळणीऐवजी नळी, गाळणी आणि उष्णतारोधक आडोसा असा पूर्ण संच विकण्याची प्रथा पडली. १९६० च्या दशकातील मालक कार्ब्युरेटर बदलत असे; कार्ब्युरेटर नाहीसा झाल्यावर सामान्य हत्यारांनी बदलता येण्यासारख्या थोड्याच गोष्टी उरल्या व त्यांत एअर इनटेक पुढे आली.

६. स्पर्धेतील साक्ष

हवेच्या मार्गाचे महत्त्व मोटारशर्यतीच्या नियंत्रकांनी फार अचूक ओळखले. जागतिक रॅली स्पर्धेत टर्बोचार्ज्ड गाड्यांची शक्ती आटोक्यात ठेवण्यासाठी काँप्रेसरच्या तोंडाशी ठराविक व्यासाचा रोधक बसविणे सक्तीचे झाले आणि १९९५ मध्ये हा व्यास ३४ मिलिमीटर करण्यात आला. हवेचा वेग ध्वनीच्या वेगापर्यंत पोहोचला की त्या छिद्रातून अधिक हवा जाऊ शकत नाही, मग टर्बोचार्जर कितीही मोठा असो. त्याच वर्षी स्पेनमधील कॅटालुनिया रॅलीत टोयोटाच्या संघाने रोधकाला वळसा देऊन हवा आत घेणारी छुपी यंत्रणा बसविल्याचे उघडकीस आले आणि संघावर बारा महिन्यांची बंदी आली. २०१७ मध्ये हा व्यास ३३ वरून ३६ मिलिमीटर करण्यात आला. वाढ केवळ तीन मिलिमीटरची दिसते. परंतु क्षेत्रफळ सुमारे १९ टक्क्यांनी वाढते.

यावरून एअर इनटेकने शक्ती वाढतेच, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. स्पर्धेच्या गाडीत सर्वांत अरुंद जागा नियमाने काँप्रेसरच्या तोंडाशी आणून ठेवलेली असते. रस्त्यावरील मोटारीत ती दुसरीकडेही असू शकते.

७. निवडीचे निकष

उपरोक्त इतिहासातून निवडीचे चार निकष निष्पन्न होतात.

पहिला निकष अडथळ्याचा. समजा, बाहेरील दाब १०० किलोपास्कल आहे आणि काँप्रेसरने २०० किलोपास्कल निरपेक्ष दाब द्यावयाचा आहे. म्हणजे गुणोत्तर २ झाले. मूळ हवापेटीत ४ किलोपास्कल दाब खर्ची पडत असेल, तर काँप्रेसरला ९६ वरून २०० पर्यंत जावे लागते व गुणोत्तर २.०८ होते. काँप्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरल्यास दाबलेली हवा सुमारे सहा अंशांनी अधिक तापते. हा तोटा खरा आहे, पण मर्यादित आहे. हवापेटीत केवळ एक किलोपास्कल खर्च होत असेल, तर नव्या संचाने मिळवण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणून खरेदीपूर्वी गाळणी व काँप्रेसर यांच्यामधील दाब पूर्ण भारावर मोजून पाहणे हाच शास्त्रीय मार्ग होय. एक किलोपास्कल म्हणजे पाण्याचा सुमारे १०२ मिलिमीटर स्तंभ. पाणी भरलेल्या साध्या पारदर्शक नळीनेही हे मापन होऊ शकते. ते चाचणी-यंत्रावर करावे, वाहत्या रस्त्यावर नव्हे.

दुसरा निकष उष्णतेचा. मूळ हवापेटी बहुधा बंद असते व गाडीच्या पुढील भागातून थंड हवा घेते. उघड्या शंकूच्या आकाराची गाळणी आडोशाविना बसविली, तर ती इंजिनाशेजारची तापलेली हवा ओढते. आत येणारी हवा २० अंशांनी तापली, तर वरील उदाहरणात काँप्रेसरमधून बाहेर पडणारी हवा सुमारे २६ अंशांनी अधिक तापते. इंटरकूलर त्यातील काही उष्णता काढतो, सर्व नाही. अडथळा कमी करून मिळविलेले सहा अंश अशा रीतीने सहज गमावले जातात.

तिसरा निकष धुळीचा. गाळण्यांच्या चाचणीसाठी आयएसओ ५०११ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि चाचणीची धूळ मुळात अरिझोनाच्या वाळवंटातील आहे. ९९ टक्के आणि ९९.९ टक्के या आकड्यांतील फरक ग्राहकाला क्षुल्लक वाटतो. परंतु पहिल्या गाळणीतून शंभरातला एक भाग धूळ आत जाते, दुसरीतून हजारातला एक, म्हणजे दहापट कमी. ही धूळ प्रथम काँप्रेसरच्या पात्यांच्या कडा झिजवते आणि मग सिलिंडरपर्यंत जाते. ज्या विक्रेत्याकडे शक्तीचा आलेख आहे पण गाळणक्षमतेचा अहवाल नाही, त्याच्या मालाबाबत ग्राहकाने सावध असावे.

चौथा निकष मापनाचा. तापलेल्या तारेचा संवेदक असलेल्या मोटारीत नळीचा अंतर्व्यास ७० वरून ७६ मिलिमीटर केला, तर छेदाचे क्षेत्रफळ सुमारे १८ टक्क्यांनी वाढते. तेवढीच हवा आता मंद वेगाने जाते आणि संगणक ती कमी समजून इंधन कमी सोडतो. साधारण वेगात प्राणवायूच्या संवेदकामुळे ही चूक बरीचशी सुधारली जाते. पूर्ण भारावर मात्र, जेव्हा दाब व उष्णता सर्वाधिक असतात, ती तशीच राहू शकते. म्हणून संवेदकाच्या जागेचा व्यास मूळ नळीएवढा असणारा संच निवडावा, अन्यथा संगणकातील नोंदी प्रशिक्षित व्यक्तीकडून बदलून घ्याव्यात.

८. बसवणूक

बसवणुकीचे काम दिसायला सोपे असते. इंजिन थंड असावे. बॅटरीची ऋण तार सोडावी, संवेदकाची जोडणी काढावी आणि मूळ हवापेटी नळीसह उचलावी. ती टाकून देऊ नये. हवापेटी निघताच काँप्रेसरचे तोंड उघडे पडते. ते तत्काळ स्वच्छ कापडाने झाकावे आणि नळी जोडण्यापूर्वी कापड आठवणीने काढावे. मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेणाऱ्या चाकात एखादा नट गेला, तर टर्बोचार्जरचा अंत ठरलेला.

संवेदक हलविताना त्याच्या तारेला बोट लावू नये, रबरी कडे जाग्यावर असल्याची खात्री करावी आणि हवेची दिशा दाखविणारा बाण पाहावा. क्रँककेसच्या वाफांची नळी काँप्रेसरच्या अलीकडेच जोडावी. ती उघडी सोडणे म्हणजे १९६१ पूर्वीच्या काळात परत जाणे होय. ज्या मोटारीत दाब सोडणारी झडप हवा परत नळीत आणते, तेथे ती जोडणी संवेदकाच्या पुढेच ठेवावी. कारण ती हवा एकदा मोजलेली असते. क्लँप घट्ट करावेत, पण सिलिकॉनची होज कापली जाईल इतके नव्हे. संवेदकाच्या पुढे एखादी फट राहिली, तर न मोजलेली आणि न गाळलेली हवा आत जाते. तेलाची सुती गाळणी धुतल्यानंतर तेल बेताने लावावे. अधिक झालेले तेल उडून संवेदकाच्या तारेवर बसू शकते.

९. अधिकाराचा प्रश्न

हा बदल करण्याचा अधिकार कोणाचा? अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने उत्सर्जन नियंत्रणात छेडछाड करण्यावर निर्बंध आले. तथापि १९७४ च्या शासकीय ज्ञापनाने, उत्सर्जन बिघडत नाही असे मानण्यास वाजवी आधार असल्यास पर्यायी भागांना वाव ठेवला; २०२० मध्ये त्याची जागा नव्या धोरणाने घेतली. कॅलिफोर्नियाने भागागणिक सूट-आदेश देण्याची पद्धत अवलंबिली. १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने विशिष्ट कंपनीचाच भाग वापरला पाहिजे, अशी अट हमीला जोडण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. जर्मनीत धूर अथवा आवाज बिघडविणाऱ्या बदलाने वाहनाचा चालविण्याचा परवानाच संपुष्टात येतो. त्यामुळे तेथे मान्यताप्राप्त तपासणी संस्थेचा दाखला महत्त्वाचा ठरतो. एका व्यवस्थेत भागाला सूट मिळते, दुसरीत भाग बसविलेल्या वाहनाची तपासणी होते; पण दोहोंत मालकाला एक रीतसर वाट उपलब्ध आहे.

भारतात टर्बोचार्जरचा प्रसार आधी डिझेल वाहनांतून झाला. पेट्रोल मोटारींत तो सामान्य ग्राहकापर्यंत पोहोचला तो २०१० च्या दशकात; पुण्याजवळील चाकण येथे तयार झालेली, २०१३ मध्ये बाजारात आलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय हे त्याचे ठळक उदाहरण. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने परवानगीविना भाग बसवून केलेल्या बदलासाठी मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. नोंदणीपत्रात हवेच्या गाळणीचा रकाना नसतो. तथापि उत्सर्जनाच्या मर्यादा संपूर्ण वाहनाला लागू असतात आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांनी त्या अधिक काटेकोर केल्या. अशा वेळी प्रामाणिक मालकाला आपला बदल निर्दोष असल्याचे सिद्ध करण्याची सुलभ वाट मिळणे आवश्यक आहे. १९६६ पासून कार्यरत असलेल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडे चाचणीचे ज्ञान व साधने आहेत. भागागणिक मान्यतेची, ग्राहकाला सहज समजेल अशी पद्धत त्या आधारे विकसित होणे हितावह ठरेल.

निष्कर्ष

(१) मूळ हवापेटी ही धूळ, उंची, धूर, आवाज व मापन या प्रश्नांवरील सामाजिक व तांत्रिक तडजोडींचा संचित परिणाम आहे. तिला केवळ अडथळा मानणे इतिहासाशी विसंगत आहे.

(२) टर्बोचार्ज्ड इंजिनात काँप्रेसरपूर्वीच्या अडथळ्याचा परिणाम गुणाकाराने होतो, हे खरे; परंतु उष्णतेचाही तसाच होतो. म्हणून मापनाशिवाय केलेली निवड तोट्याची ठरू शकते.

(३) बसवणुकीतील प्रत्येक लहान जोडणीमागे एक ऐतिहासिक कारण आहे. ते कारण ठाऊक असलेला मालक किंवा मेस्त्री ती जोडणी सहसा वगळणार नाही.

(४) हवा सर्वांची आहे. म्हणून तिच्या मार्गातील बदल हा मालकाचा पूर्णतः खाजगी प्रश्न होऊ शकत नाही. तथापि जिज्ञासू मालकाला केवळ दंडाची भीती दाखविण्यापेक्षा चाचणीची वाट दाखविणे अधिक न्याय्य होय. ज्या देशांत अशी वाट निर्माण झाली, तेथे हौशीला नियमांच्या चौकटीत स्थान मिळाले. आपल्याकडे मोटारनिर्मितीचे कौशल्य आणि चाचणीची परंपरा दोन्ही असताना हे अशक्य मानण्याचे कारण नाही.